सिक लाईनमधली रोपं

शेषराव रिटायर होऊन घरी आले, तेव्हा कितीतरी महिने पंचफुलाबाईंना वाटत राहिलं की आता जेवण झालं की हा माणूस उठेल, डबा मागेल आणि ड्यूटीवर निघून जाईल.

सवयच तशी लागली होती. तुमसरकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या भिलाई-3 च्या रेल्वे क्वार्टरात आल्या, तेव्हापासून नवरा म्हणजे मालगाडीचा गार्ड. कधी झुंजूमुंजू होताच कॉल यायचा, कधी ऐन ताटावरून उठून जावं लागायचं. लोहखनिजाची गाडी एकदा घेऊन गेला की परत कधी येईल, ते सांगणारं कोणी नव्हतं. पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली. सोनल लग्न होऊन नागपूरला गेली, प्रितमला रायपूरला नोकरी लागली. या सगळ्यात शेषराव होते आणि नव्हतेही. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, आवाज चढवणं नाही. पण बोलणंही नाही. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून बसून यांची बोलायची सवयच मोडली, असं पंचफुलाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्याचं दुःखही केव्हाच आटोपून ठेवलं होतं.

रिटायरमेंटनंतर वैशाली नगरात लहानसं घर घेतलं. ते पंचफुलाबाईंनी आपल्या हातानं लावलं. कोणता डबा कोणत्या फळीवर, पायपोस कुठं, खुर्ची कुठं, सगळं त्यांच्या मनाप्रमाणे. शेषराव त्या घरात पाय आवरून वावरायचे. पेपर वाचला की घडी करून होता तिथं ठेवायचे.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी ते पिशवीभर माती आणि कागदी चहाचे कप घेऊन आले. ऑगस्टात बाहेर पावसाचा मारा इतका, की वाफ्यात टाकलेलं बी वाहून जातं नाही तर सडतं. म्हणून टमाटर, वांगी, मिरची घरातच उगवून घ्यायची, पाऊस ओसरला की बाहेर लावायची, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे एवढंच बोलले, "घरात लावून पाहतो." कपाला बुडाशी भोक पाडायचं, माती-शेणखत-रेती कालवून भरायची, बोटाच्या पेराएवढंही खोल नाही असं बी टाकायचं आणि वरून ओलं फडकं. पहिला ट्रे ओट्याच्या कोपऱ्यात आला. मग फ्रिजवर, कारण तिथली ऊब बियाण्याला मानवते. मग पलंगाखाली.

रोपं उगवली, पण उजेडासाठी माना लांबवायला लागली. घरात सकाळचं ऊन येणारी खिडकी एकच, पुढच्या खोलीतली, आणि तिच्यापुढं पंचफुलाबाईंचं शिलाई मशीन.

"ही मशीन जराशी तिकडे सरकवली तं?" शेषरावांनी एकदा विचारलं.

"माही मशीन आहे ते. माहेरून आणली होती. आतापर्यंत कोणी सरकवली नाही."

त्यांनी मान हलवली आणि परत कधी तो विषय काढला नाही. रोपं स्वयंपाकघराच्या खिडकीत, शेजारच्या भिंतीकडे तोंड करून, लांबट आणि फिकट वाढत राहिली.

या रोपांच्या बाबतीत शेषरावांची एक खोड होती. एका कपात दोन बिया टाकतात. दोन्ही उगवल्या की दुबळं रोप उपटून फेकायचं, म्हणजे दुसरं जोमानं येतं. शेतकऱ्याच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. शेषरावांच्यानं ते फेकवत नसे. चमच्याच्या दांडीनं ते बाजूची माती सैल करत, पानाला धरून दुबळं रोप अलगद उचलत आणि वेगळ्या कपात, कधी दोन-दोन मिळून, बसवत. असल्या सगळ्या कपांचा एक ट्रे खिडकीखाली जमिनीवर असे.

"हे काय आता?"

"सिक लाईन," ते म्हणाले.

यार्डात बिघडलेले डबे ज्या रुळावर बाजूला काढून ठेवतात, ती सिक लाईन. दुरुस्त झाला की डबा पुन्हा गाडीला लागतो. रेल्वेवाल्याच्या बायकोला ते ठाऊक होतं. नवऱ्यानं गंमत केली हेही कळलं होतं, पण हसावंसं वाटलं नाही. "घरात पाय ठेवाले जागा नाही आन् हे आजारी रोपं घेऊन बसले," त्या शेजारच्या वंदनाला म्हणाल्या.

रोपं वीतभर झाली की शेषराव रोज सकाळी स्कूटरच्या पायाजवळ एक क्रेट ठेवून निघायचे आणि दुपारी रिकामा क्रेट घेऊन यायचे. हंगाम सरला तरी सकाळचं जाणं काही सुटलं नाही. भिलाई-3 च्या जुन्या क्वार्टरवाल्यांना वाटत असतील, मग गार्ड ड्यूटीची हजेरी लावतात त्या लॉबीसमोर रिटायर लोकांच्या घोळक्यात बसत असतील, असं पंचफुलाबाई धरून चालल्या. विचारलं कधी नाही. इतक्या वर्षांत कुठं गेले होते हे विचारायची पद्धतच त्या घरात पडली नव्हती.

तिसऱ्या वर्षी ऑगस्ट संपता संपता शेषरावांच्या छातीत कळ आली. हातात मातीचा कप तसाच धरून ते खाली बसले. प्रितमनं गाडी आणली, रायपूरच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी बायपास सांगितलं.

पंचफुलाबाई आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. सून ममता घरचा डबा आणायची, तो तसाच परत जायचा. काचेतून नवऱ्याकडे पाहताना त्यांच्या मनात आलं, की या माणसाला निजलेलं आपण फार कमी पाहिलं आहे. ते यायचे तेव्हा आपण कामात असायचो. आता ते हलत नव्हते, कुठं जात नव्हते, आणि आपल्याला आत जायची परवानगी नव्हती.

वॉर्डात हलवल्यावर शेषरावांचे ओठ हलले. त्या वाकून जवळ गेल्या.

"रोपाईले पाणी?" ते पुटपुटले.

"वंदना टाकून राहिली."

"जास्त टाकन ती."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर जरा बोलायची ताकद आल्यावर म्हणाले, "तू घरी जाय ना. प्रितम आहे इथं. रोपं जातीन सारी."

पंचफुलाबाई उसळल्या. "मी तुमच्यासाठी इथं बाकावर बसून काढले दिवस. आन् तुमाले कपातल्या रोपाईची पडली."

शेषरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले.

सुट्टी मिळाल्यावर काही दिवस दवाखान्याच्या जवळपास राहायला डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून त्यांना प्रितमच्या घरी नेलं. ममतानं ऑफिसातून रजा काढली. पंचफुलाबाईंनी पिशवी भरली आणि म्हणाल्या, मी भिलाईला जाते. सगळ्यांना वाटलं, रोपांसाठी चालल्या. त्या रागानं चालल्या होत्या.

घराचं दार उघडलं तर कोंदट ओला वास. पावसामुळे वंदनानं खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं होतं. टमाटर आणि वांग्यांचे ट्रे पाहवत नव्हते. रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी झाली होती, जणू कोणी हात फिरवून निजवली.

"मावशी, मी रोज दोन वेळा पाणी टाकलं हो," वंदनाचा चेहरा उतरला.

"तुहं काई चुकलं नाही बाई. लाड जास्त झाला त्याईचा."

वंदना गेल्यावर त्या बादली घेऊन खाली बसल्या आणि एकेक कप रिकामा करायला लागल्या. राग होताच. आज सगळंच उचलून टाकू, म्हणजे आल्यावर घर तरी मोकळं मिळेल, असा विचार. करता करता त्या खिडकीखालच्या ट्रेपाशी आल्या. तिथली माती कोरडी पडली होती, कपाच्या कडेपासून सुटली होती. दुबळी रोपं माना टाकून होती, पण बुडाशी घट्ट. ती फेकायचीच असतील म्हणून वंदनानं त्यांना हात लावला नव्हता.

बादलीत टाकायला उचललेला कप त्यांनी तसाच खाली ठेवला. परातीत पाणी घेतलं आणि त्यात सगळे कप बसवले, म्हणजे माती खालून भिजत येईल. चहा केला, कपडे वाळत घातले. दिवेलागणीला येऊन पाहतात तो पानं वर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी. हातात धुऊन पुसलेल्या कागदी कपांची चळत.

"मी चंदा. भिलाई-3 ले लॉबीसमोर माही चाहाची टपरी आहे. गार्ड साहेब आहेत का? त्याईचा फोन बंद येऊन राहिला, म्हणून पत्ता विचारत आली."

पंचफुलाबाईंनी तिला आत बसवलं आणि ऑपरेशनचं सांगितलं. चंदानं पदर तोंडाला लावला. मग तिची नजर परातीतल्या कपांवर गेली.

"हे आमचेच होते," ती म्हणाली.

"हे? हे तं दुबळे आहेत."

"तेच देतात आमाले. धडधाकट रोपं क्वार्टरवाल्याईले. मीच म्हटलं होतं, दुबळे माह्या शालूले द्या." चंदानं कपांची चळत खाली ठेवली. "माही पोरगी आहे शालू. वयानं मोठी आहे बाई, तिशीची. समज लहान पोरीवानी. कोणाशी बोलत नाही, घराबाहेर निघत नाही. गार्ड साहेब रोज येतात, तिच्याजवळ बसतात, दोघं मिळून रोपं पाहतात. आता साहेब आले नाही, तं ती उंबऱ्यावरून उठत नाही. धड जेवत नाही. म्हटलं, एकदा फोनवर तरी त्याईचा आवाज आयकवावा तिले."

पंचफुलाबाई उठल्या. रोज सकाळी. कोणाच्या तरी पोरीजवळ. त्यांनी साडी बदलली, ट्रे उचलला आणि चंदाबरोबर ऑटोत बसल्या.

चंदाचं घर टपरीच्या मागेच होतं. मागं यार्डाची भिंत आणि भिंतीच्या कडेला लांबोळकी मोकळी जागा. उंबऱ्यावर शालू बसली होती, वेण्या नीट घातलेल्या, नजर रस्त्याच्या वळणावर. पंचफुलाबाईंकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं ते ट्रेकडे.

"गार्ड बाबा?" तिनं विचारलं.

"बाबा दवाखान्यात होते. आता बरे आहेत. त्याईनं रोपं पाठवली."

हे खोटं होतं आणि एका परीनं खरंही. शालूनं जागा दिली. पंचफुलाबाई शेजारी बसल्या आणि दोन रोपं गुंतलेल्या एका कपात हात घालून त्यांनी एकाला धरून ओढायला घेतलं. माहेरी धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, मुठीनं उपटायची सवय होती त्यांना. शालूनं त्यांचं मनगट धरलं.

"दांडी नाही धराची. पान धराचं," ती म्हणाली. "पान तुटलं तं नवं येते. दांडी तुटली तं गेलं."

तिचा आवाज अचानक जड आणि सावकाश झाला होता. पंचफुलाबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ते बोलणं हुबेहूब शेषरावांचं होतं.

दोघींनी मिळून काही रोपं सोडवली. मग शालू म्हणाली, "तुमी पंचफुला का?"

"हो. तुले कोणी सांगितलं?"

"मशीन सरकवाची नाही," शालू रोपावरची नजर न काढता म्हणाली. "ते घर पंचफुलाचं आहे. तिनं एकटीनं सांभाळलं सारं. आपण पाहुणे. पाहुण्यानं सामान नाही सरकवाचं."

"शालू, चूप बस," चंदा ओशाळून म्हणाली. "बाई, तिचं मनावर घेऊ नका. जे आयकते ते बोलते."

"बोलू द्या तिले," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोटांना माती लागली होती म्हणून डोळे मनगटानं पुसावे लागले.

त्यांनी प्रितमला फोन लावला, बाबांकडे द्यायला सांगितला आणि मोबाईल शालूच्या कानाजवळ नेला. स्पीकर चालू होता.

"गार्ड बाबा," शालू म्हणाली.

पलीकडून शेषरावांचा आवाज आला, थकलेला, पण आत कुठंतरी हसणारा. "शालूबाई? अवं, माही गाडी सिग्नलवर उभी आहे. लाल आहे अजून. हिरवा झाला की येतो. तोवर तू जेवली का नाही? गार्ड उपाशी राहिला तं गाडी कोण पाहन?"

शालू हसली. आणि शेषराव बोलत राहिले. रायपूरच्या खिडकीतून काय दिसतं, सुनेनं दिलेली बिनमिठाची भाजी कशी लागते, छातीवर टाके कसे रुळासारखे दिसतात. पंचफुलाबाई मातीचे हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. हा आवाज त्यांनी आपल्या घरात कधी ऐकला नव्हता. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आला नाही. नुसती हुरहूर लागली, जशी फार दिवसांनी माहेरचं माणूस भेटल्यावर लागते.

शालूनं फोन त्यांच्या हातात दिला.

"मी आहे," त्या म्हणाल्या.

"तू? तिथं कशी?"

"रोपं आणली. तुमची सिक लाईनच वाचली फक्त." मग त्यांनी स्पीकर बंद केला, उठून भिंतीपाशी गेल्या. "हे सारं मले कावून नाही सांगितलं कधी?"

मागं यार्डात इंजिन डब्यांना लागल्याचा खडखडाट झाला, तो विरेपर्यंत ते थांबले.

"तुह्यासमोर मले सुचत नाही वं काई," शेषराव म्हणाले. "इतके वर्ष झाले. कुठून सुरू कराव, समजत नाही."

"कुठून बी करा," त्या म्हणाल्या. "घरी या पयले."

शेषराव घरी आले तेव्हा पाऊस ओसरला होता. प्रितमचा हात धरून ते दारातून आत आले आणि पुढच्या खोलीत थबकले. शिलाई मशीन खिडकीच्या एका अंगाला गेलं होतं. दुसऱ्या अंगाला फळी टाकून तिच्यावर कप मांडले होते, नवं बी पेरलेले. शेजारी त्यांची खुर्ची.

"मशीन?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. जराशी सरकली. अर्धी खिडकी माही, अर्धी तुमची."

"एकटीनं सरकवली? मी आल्यावर…"

"तुमाले वजन उचलाचं नाही आता. बसा."

ते बसले. बोट पुढं करून त्यांनी एका कपातली माती चाचपून पाहिली, ओल बरोबर होती. मग हात मागं घेतला आणि नुसते बसून राहिले. प्रितमला वाटलं बाबांना दम लागला, म्हणून तो पाणी आणायला गेला.

त्या सप्टेंबरात रोपं सुटी करायचं काम संध्याकाळी दोघं मिळून करत. शेषराव वाकू शकत नव्हते, म्हणून टेबलावर पेपर पसरून ट्रे वर घ्यायचा. हात कामात असले आणि नजर रोपावर असली की बोलणं सोपं जातं, हे पंचफुलाबाईंना तेव्हा कळलं. सुरुवात त्यांनीच केली. सोनलला गोवर निघाला होता तेव्हाची गोष्ट. ते कुठंतरी डोंगरगडच्या पलीकडे गाडीत अडकलेले, आणि पंचफुलाबाई पोरीला पाठुंगळीला बांधून रेल्वेच्या दवाखान्यात चालत गेलेल्या.

"हे मले माहीत नाही," शेषराव म्हणाले.

"तुमी आले तोवर ती खेळून राहिली होती. मग काय सांगाचं."

ते रोप हातात धरून थांबले. "सांग आता," म्हणाले.

त्यांनी सांगितलं. एक संध्याकाळ त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी शेषरावांनी सांगितलं, की जंगलात गाडी उभी राहिली की शेवटच्या डब्यात बसून ते घरातल्या प्रत्येकाशी मोठ्यानं बोलायचे. कोण काय उत्तर देईल तेही स्वतःच म्हणायचे. "तू लय रागवाची," ते म्हणाले. "मी मनात आणलेली तू." पंचफुलाबाई हसल्या, आणि मग बराच वेळ त्यांना मान वर करता आली नाही.

लावायची वेळ आली तेव्हा रोपांना आधी थोडं थोडं ऊन दाखवलं. पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत वाढवत दिवसभर, म्हणजे बाहेर गेल्यावर करपत नाहीत. ऊन कलल्यावर प्रितमनं दोघांना भिलाई-3 ला नेलं. चंदानं शेषरावांसाठी टपरीतलं बाकडं भिंतीपाशी आणून टाकलं. पंचफुलाबाई खुरप्यानं खड्डे करत गेल्या, शालू कागदी कप फाडून मातीच्या गोळ्यासकट रोप आत ठेवत गेली आणि बाकड्यावरून सूचना येत राहिल्या. अखेर शालूच त्यांना म्हणाली, "बाबा, सिग्नल लाल आहे. चूप बसा." शेषराव खरंच चूप बसले.

सगळी रोपं काही जगली नाहीत. मिरची बरीच गेली. टमाटर खुजे राहिले, फळं लिंबाएवढी आली. वांगी मात्र लागली, काटेरी देठाची, चंदाच्या टपरीवर भरीत करण्याइतकी. शेषरावांची स्कूटर बंदच झाली. मग कधी हे दोघं ऑटोनं तिकडे जात, कधी चंदा शालूला घेऊन वैशाली नगरात येई. घराबाहेर न निघणारी शालू ऑटोत बसायला शिकली. पहिल्या वेळी तिनं अख्खा रस्ता डोळे मिटून ठेवले होते. पंचफुलाबाईंनी तिला मशीनवर बसवून सरळ शिवण घालायला शिकवलं, आणि तिच्या पहिल्या दोन पिशव्या वंदनाला बाजारासाठी दिल्या.

संक्रांतीच्या सुमारास नागपूरहून सोनलचा फोन आला. पंचफुलाबाई तीळ भाजत होत्या. खांद्यावर मोबाईल धरून त्या बोलत राहिल्या.

"आई, पाहुणे आले का कोणी?" सोनलनं मध्येच विचारलं. "मागं कोण इतकं बोलून राहिलं?"

"तुहे बाबा होय ते. वंदनाच्या नवऱ्याले गोभीचं सांगून राहिले."

"बाबा? आई, खरं सांग. बाबा?"

"हो ना. कधी कधी तं मीच म्हणते, जरा दम घ्या." त्यांनी गॅस बारीक केला. "थांब, तुले देते. पण हातातलं काम आटपून बस बाई, लवकर नाही ठेवाचे ते."